खरखर कुठून येते

गिऱ्हाईक ॲम्प टेबलावर ठेवायच्या आधीच बोलू लागते. "काका, आवाज फाटाय लागलाय." "चालू हाय, पण आवाज येतोय-जातोय." "पहिली दोन गाणी बरा वाजतो, गरम झाला की गप्प." "नुसतं घूंऽऽ करतंय, बघा की जरा." ही वाक्ये मी वहीत जशीच्या तशी लिहून घेतो. त्यांची भाषा सुधारत नाही, कारण निम्मे निदान त्या भाषेत असते. आवाज फाटतो म्हणजे स्पीकरची कॉइल घासत असेल, किंवा आउटपुटच्या जोडीतला एक ट्रान्झिस्टर काम सोडून बसला असेल. येतो-जातो म्हणजे बहुतेक वेळा जॅक, कंट्रोल किंवा तडकलेले सोल्डर. गरम झाल्यावर गप्प बसतो म्हणजे उष्णतेने कुठलातरी जोड उघडतो आहे. नुसते घूं म्हणजे फिल्टरचा कंडेन्सर नाहीतर अर्थिंग. दुरुस्ती शिकायला आलेली मुले मात्र हे बोलणे चालू असतानाच हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन उभी राहतात.

पुढची पाने त्या वहीतून तयार झाली आहेत. सांगली-मिरज आणि कराड-सातारा या पट्ट्यातले गिटारचे, बेंजोचे, ऑर्केस्ट्रातल्या कीबोर्डचे ॲम्प त्यात आहेत. बिघाड कसा ओळखायचा, कुठल्या क्रमाने शोधायचा, काय बदलायचे आणि कशाला हात लावायचा नाही, हे प्रकरणांत सविस्तर येईल. प्रस्तावनेत मला क्रमाविषयी बोलायचे आहे. ॲम्प दुरुस्त करणे हे आधी कानाचे काम आहे, मग मीटरचे, आणि अगदी शेवटी सोल्डरिंग आयर्नचे. हा क्रम उलटला की चांगला भाग बदलला जातो, वाईट भाग आहे तिथेच राहतो आणि बिल मात्र वाढते.

कानाने काम करणारी माणसे पाहायला आम्हांला लांब जावे लागत नाही. मिरजेची सतारमेकर मंडळी मूळची शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारी. एकोणिसाव्या शतकात पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने गायक-वादक मिरजेत येऊ लागले, त्यांची बिघडलेली वाद्ये या शिकलगारांपैकी फरीदसाहेब नावाच्या कारागिराच्या घराण्याकडे आली, आणि दुरुस्ती करता करता हे लोक वाद्ये घडवू लागले, असे तिथे सांगतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. दुरुस्तीच्या टेबलावरून सुरू झालेल्या धंद्याला मिळालेला हा मान मला फार मोलाचा वाटतो.

त्या दुकानांत बसून जवारी काढताना पाहावे. घोडीचा माथा कानशीने केसभर घासायचा, तार लावायची, छेडायची, ऐकायची, तार सैल करून पुन्हा घासायचे. तंबोरा असेल तर तारेखाली दोरा सरकवत सरकवत तो एक ठिकाण शोधायचा, जिथे तार घोडीला हलकेच चाटून जाते आणि आवाज उघडतो. हे मोजायला मीटर नाही. गंमत अशी की जे घडवायला त्या कारागिराचा अर्धा दिवस जातो, ती तारेची झणझण गिटारवाल्याला दोष वाटते. गिटारच्या पट्टीवर तार अशी चाटून वाजू लागली तर तो वाद्य घेऊन दुकानात येतो. म्हणजे नुसत्या आवाजावरून दोष ठरत नाही. कोणाला काय ऐकायचे आहे, ते विचारावे लागते.

गिटारच्या ॲम्पच्या बाबतीत तर हा प्रश्न मुळापासूनच आहे. १९५१ साली आईक टर्नरची मंडळी रेकॉर्डिंगसाठी मेम्फिसला निघाली तेव्हा वाटेत गिटारच्या ॲम्पला मार बसला. स्पीकरचा आवाज फाटू लागला. दुरुस्तीला वेळ नव्हता, म्हणून त्यात कागद कोंबून तसेच वाजवले, आणि 'रॉकेट ८८' या गाण्यातला तो गुरगुरता आवाज रॉक संगीताच्या इतिहासात जाऊन बसला. १९६४ साली लंडनमध्ये 'द किंक्स'च्या डेव्ह डेव्हिस याने स्वतःच ब्लेडने आपल्या छोट्या ॲम्पचा कोन चिरला. पुढे हाच फाटका आवाज देण्यासाठी कंपन्यांनी वेगळे बटण दिले. त्याला आज मुले ओव्हरड्राइव्ह म्हणतात.

फाटका आवाज दरवेळी दोष नसतो, हे मला कळले ते एका चुकीतून. कराडच्या बाजूचा एक मुलगा ॲम्प घेऊन आला होता. तक्रार होती की वायर हलवली की आवाज जातो. जॅक नवा टाकला. मग स्पीकरकडे लक्ष गेले, तर कोनाला बोटभर चीर. ती पाहून मी त्याला न विचारताच नवा स्पीकर बसवला, आणि त्याचे पैसेही लावले नाहीत. तो घेऊन गेला आणि तिसऱ्या दिवशी परत आला. "काका, माझा आवाज गेला," म्हणाला. ती चीर त्याच्या वाजवण्यात मुरलेली होती. जुना स्पीकर भंगारात गेला होता, तो काही मिळाला नाही. तेव्हापासून वहीत तक्रारीशेजारी दुसरा रकाना आहे : काय बदलायचे नाही.

आमच्याकडे गिटारचा ॲम्प म्हणून जे येते त्यातले पुष्कळसे बेंजोचे असते, हे बाहेरच्या वाचकाला सांगायला हवे. इथला बेंजो म्हणजे अमेरिकेतला, कातडे ताणलेला बँजो नव्हे. हे बुलबुल तरंग. जपानमध्ये नागोयाच्या गोरो मोरिता याने १९१२ साली ताइशोगोतो नावाचे वाद्य केले. टाइपरायटरसारख्या कळा दाबायच्या आणि दुसऱ्या हाताने तारा छेडायच्या. ते भारतात येऊन बुलबुल तरंग झाले. आमच्याकडे त्याच्या तारांखाली गिटारचा पिकअप बसला, ते ट्रॉलीवर चढले, आणि गणपती, लग्नाची वरात, गावची जत्रा त्याच्यावाचून होईना. वाजवणारी मुले बहुतेक कानाने शिकलेली असतात. नोटेशन येत नाही, पण ॲम्पचा ट्रेबल एका रेघेने कमी झाला तरी त्यांना कळते. अशा माणसाची तक्रार मी कधीच हलकी धरत नाही.

दुसरे गिऱ्हाईक पाचगणीकडचे. तिथल्या निवासी शाळांत गिटार-पियानोची परंपरा जुनी आहे. सेंट पीटर्स शाळेत १९५५ साली आठ वर्षांचा फारूख बलसारा दाखल झाला आणि १९६३पर्यंत राहिला. १९५८च्या सुमारास त्याने चार मित्रांबरोबर 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला, त्यात तो पियानो वाजवायचा. बासच्या जागी चहाच्या खोक्याला काठी आणि तार लावून केलेले वाद्य होते. हाच मुलगा पुढे फ्रेडी मर्क्युरी झाला. सातारा जिल्ह्यात हे सांगताना छाती फुगते ते ठीकच आहे, पण मला त्याच्या 'क्वीन' बँडमधल्या दुसऱ्या एका माणसाविषयी सांगायचे आहे. बास वाजवणारा जॉन डीकन इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर होता. १९७२ साली लंडनच्या रस्त्यात कचऱ्याच्या डब्यात त्याला तारा लोंबणारी एक छोटी सर्किट प्लेट दिसली. ती त्याने घरी आणली, एका स्पीकरच्या पेटीत बसवली आणि बॅटरीवर चालवली. ना व्हॉल्यूम, ना टोन. आत जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर. बँडचा गिटारवादक ब्रायन मे याला त्या खोक्याचा आवाज इतका आवडला की १९७५च्या 'ए नाइट ॲट द ऑपेरा' या अल्बममध्ये त्याने त्यावर गिटारचे थर चढवून अख्खा जॅझ बँड उभा केला. पुढे त्या ॲम्पची हुबेहूब प्रत करायची ठरली तेव्हा जाणकारांना त्यातला एकेक भाग मोजत बसावे लागले. आमच्या टेबलावर रोज हेच चालते. कंपनीचे सर्किट डायग्राम मिळत नाही, नंबर खरवडून काढलेला असतो, मग प्लेटवरच्या रेघा बोटाने माग काढत वहीत उतरवायच्या.

आता निदानाकडे. गिटारपासून स्पीकरपर्यंत आवाजाची एक वाट आहे. पिकअपमध्ये लोहचुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. गिटारची तार हलली की त्यात काही दहा ते काही शे मिलिव्होल्ट तयार होतात. ते वायरमधून इनपुट जॅकला, तिथून प्रीॲम्पला, टोन आणि व्हॉल्यूमच्या कंट्रोलला, मग पॉवर ॲम्पला आणि शेवटी स्पीकरला. बाजूने पॉवर सप्लाय सगळ्यांना जेवू घालतो. वाट लांब आहे, म्हणून एका टोकापासून चालत सुटायचे नाही. मध्यावर जाऊन उभे राहायचे.

पुष्कळ ॲम्पच्या पाठीमागे सेंड आणि रिटर्न असे दोन जॅक असतात, इफेक्टचे पेडल जोडायला. रिटर्नला मोबाइलवरचे गाणे कमी आवाजात लावून बघा. चांगले वाजले तर पॉवर ॲम्प, सप्लाय आणि स्पीकर सुटले, दोष पुढच्या भागात. नाही वाजले तर प्रीॲम्प उघडायची गरजच नाही. पाच मिनिटांत अर्धा ॲम्प बाजूला झाला. उरलेल्या अर्ध्याचा पुन्हा अर्धा करायचा. आणि याच रिटर्न जॅकविषयी एक गोष्ट : त्याच्या आत एक पत्रा असतो, पेडल जोडले नसेल तेव्हा आवाज त्या पत्र्यावरून पुढे जातो. पाचगणीच्या हवेत वर्षानुवर्षे न वापरलेल्या त्या पत्र्यावर गंज चढतो आणि आवाज क्षीण होतो, येतो-जातो. सेंड आणि रिटर्न एका छोट्या वायरने जोडून पाहिले आणि आवाज परत आला की निदान झाले. एवढ्या कारणासाठी अख्खी प्लेट बदललेले ॲम्प मी पाहिले आहेत.

हमिंगचेही तसेच. आधी व्हॉल्यूम शून्यावर आणा. हमिंग गेले तर ते कंट्रोलच्या अलीकडून, म्हणजे गिटार, वायर, इनपुट यांच्याकडून येते आहे. तसेच राहिले तर कंट्रोलच्या पलीकडून. मग स्वर ऐका. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. अर्थ तुटला, वायरची जाळी सुटली, गिटार ट्रान्सफॉर्मरजवळ आणली, तर त्या ५०चा आवाज येतो. पण सप्लायमधल्या पूर्ण लहरीच्या रेक्टिफायरनंतर ती आवर्तने १०० होतात, आणि फिल्टरचा कंडेन्सर सुकला की हे १०० ऐकू येतात. दोन्हींत बरोबर एका सप्तकाचे अंतर. गाणाऱ्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. मात्र लहान स्पीकर ५०चा मूळ स्वर नीट देत नाही, त्याच्या वरच्या स्वरांची किरकिर तेवढी देतो. म्हणून पोत ओळखायला शिका : वायरीतून येणारे हमिंग किरकिरे आणि धारदार असते, कंडेन्सरचे गोल आणि जड. ही एक गोष्ट पुस्तकातून शिकता येणार नाही. चांगल्या ॲम्पवर मुद्दाम अर्धवट वायर लावून दहा वेळा ऐकावे लागेल.

कित्येकदा ॲम्प बिघडलेलाच नसतो. पिकअप हा अशक्त स्रोत आहे, त्याला ओझे सोसत नाही. गिटारच्या ॲम्पचा इनपुट म्हणून दहा लाख ओहमच्या आसपास ठेवतात. तीच गिटार लाउडस्पीकरच्या ॲम्पच्या माइक इनपुटला लावली की वरची धार जाते, आवाज घोंगडी पांघरल्यासारखा होतो. वायर वीस मीटर घेतली तरी तेच, कारण लांब वायर स्वतःच कंडेन्सरसारखी वागून वरचे स्वर गिळते. अशा वेळी पैसे न घेता वायर आखूड करून द्यावी आणि कारण समजावून सांगावे. ते गिऱ्हाईक पुन्हा येते.

स्पीकर तपासायला मीटर लावलात तर ८ ओहमचा स्पीकर साधारण ६ ते साडेसहा दाखवतो. त्याला दोष समजू नका, मीटर फक्त तारेचा रोध मोजतो. कोनावर दोन्ही बाजूंनी चार-चार बोटे सारखी टेकवून हळूच आत दाबा. मऊ गेला तर ठीक, खरखर जाणवली तर कॉइल घासते आहे. तडकलेले सोल्डर शोधायला बांबूची काडी घ्या आणि ॲम्प चालू असताना जॅकच्या, कंट्रोलच्या, ट्रान्झिस्टरच्या पायांजवळ हलकेच ठोका. ज्या ठिकाणी खरखर उठते तिथे भिंगातून पाहिलेत की पायाभोवती अंगठीसारखी बारीक भेग दिसते. नुसता नवा डाग देऊन भागत नाही. जुने सोल्डर शोषून काढून, पाय खरवडून, मग झाळायचे.

आमच्या भागातले बिघाड आमच्या हवा-पाण्यासारखेच आहेत. महाबळेश्वरला वर्षाला पाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस, आणि त्याच जिल्ह्यात माण-खटावला पाचशे पडला तरी बरे म्हणायचे. पश्चिमेकडून येणाऱ्या ॲम्पमध्ये बुरशी आणि गंज, पूर्वेकडच्यांत धूळ. त्यात यात्रा. पौषात पालच्या खंडोबाच्या यात्रेत भंडारा उधळतो, गणपतीत गुलाल. हा रंग पंख्यातून आत जातो, हीटसिंकच्या पात्यांत बसतो, कंट्रोलमध्ये शिरतो. पात्यांत बसलेल्या भंडाऱ्याने वारा अडतो आणि ट्रान्झिस्टर तापून मरतो, मग दोष ट्रान्झिस्टरवर येतो. कंट्रोलमध्ये खोबरेल किंवा रॉकेल सोडणारे लोक आहेत. दोन दिवस खरखर जाते, मग तेलावर धूळ बसून दुप्पट होते. त्यासाठी मिळणारा स्प्रेच वापरावा. पाल आत शिरून सप्लायवर आडवी पडलेली तर वर्षातून चार-दोनदा सापडतेच.

पण सगळ्यांत जास्त ॲम्प मारते ती मांडवातली वीज. घरात २३० व्होल्ट. मांडवात तीन फेज येतात, त्यांची वाटणी एका न्यूट्रलवर असते. तो न्यूट्रल पिळून जोडलेला असेल आणि सुटला, तर एका फेजवरच्या दिव्यांना कमी आणि दुसऱ्या फेजवरच्या ॲम्पला ४००च्या घरात व्होल्ट मिळतात. ते काही सेकंद पुरतात. म्हणून मांडवातून आलेल्या ॲम्पचा फ्यूज उडालेला असेल तर मी फ्यूजची काच आधी पाहतो. आत तार नुसती तुटून लोंबते आहे, तर ओझे थोडे जास्त झाले होते. काच काळी किंवा चंदेरी झाली आहे, तर आत थेट शॉर्ट आहे, नवा फ्यूज टाकून बटण दाबण्यात अर्थ नाही. फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळून आलेले ॲम्पही येतात. गाणे थांबू नये म्हणून रात्री कुणीतरी केलेला तो उपाय असतो, आणि दहा रुपयांच्या फ्यूजने वाचला असता तो ट्रान्सफॉर्मर त्यात जळतो.

यावर टेबलावर एकच साधन हवे, आणि ते स्वतः करता येते : सिरीज बल्ब. साध्या तारेचा ६० किंवा १०० वॉटचा बल्ब ॲम्पच्या वाटेत मालिकेत जोडायचा. एलईडी बल्ब इथे चालत नाही. ॲम्प चालू केल्यावर बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर पुढे जायला हरकत नाही. तसाच लख्ख राहिला तर आत शॉर्ट आहे, पण बल्बने वीज अडवून धरल्यामुळे नवा बसवलेला ट्रान्झिस्टर मेला नाही. २एन ३०५५ हा १९६०च्या दशकापासून चालत आलेला जाड टोपीचा ट्रान्झिस्टर अजून आमच्याकडच्या कित्येक ॲम्पमध्ये असतो. तो शॉर्ट झाला की शिकाऊ मुलगा तेवढाच बदलतो, चालू करतो, आणि नवाही जातो. त्याला चालवणारा मागचा ड्रायव्हर, एमिटरचे जाड रेझिस्टन्स, खालची अभ्रकाची चकती, सगळे तपासल्याशिवाय वीज द्यायची नाही. स्पीकर जोडायच्या आधी आउटपुटला डीसी किती आहे ते मोजायचे. काही दहा मिलिव्होल्ट चालतील. वीस-तीस व्होल्ट असतील तर स्पीकरची कॉइल डोळ्यांदेखत जळेल.

जीव जाऊ शकतो अशा जागा मी प्रत्येक प्रकरणात वेगळ्या दाखवल्या आहेत, पण इथेही सांगतो. व्हॉल्व्हच्या ॲम्पमध्ये ३०० ते ४५० व्होल्ट असतात, आणि वायर काढल्यावरही कंडेन्सरमध्ये ते थांबून राहतात. आजकालच्या हलक्या ॲम्पमधल्या स्विचिंग सप्लायच्या मोठ्या कंडेन्सरवर सुमारे ३२५ व्होल्ट असतात. हे २३०ला दोनच्या वर्गमुळाने गुणले की मिळते, आणि आकडा समजला की हात आपोआप सावध होतो. काही हजार ओहमचा पाच वॉटचा रेझिस्टर, नीट इन्सुलेशन केलेल्या टोकांनी लावून कंडेन्सर रिकामा करायचा, मग मीटरने खात्री करायची. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडायची नाही. चालू ॲम्पवर मोजताना एक हात पाठीमागे. आणि व्हॉल्व्हचा ॲम्प स्पीकर न जोडता कधीही वाजवायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. ज्याला हे नियम कंटाळवाणे वाटतात त्याने हे काम करू नये, असे मी स्पष्टच म्हणतो.

कानाविषयीही एक. तपासणी मोठ्या आवाजात करायची नाही. दिवसभर स्पीकरसमोर बसणाऱ्याचे वरचे स्वर आधी जातात, आणि ज्याला ते ऐकू येत नाहीत त्याला खरखरही ऐकू येत नाही. माझ्या डाव्या कानाचे तसे झाले आहे. आता बारीक किरकिर शोधायची असली की मी शिकणाऱ्या मुलांपैकी एकाला जवळ बसवतो.

हे सारे मराठीत कशाला, असे एका शिकलेल्या मित्राने विचारले. व्हिडिओ आहेत, इंग्रजी पुस्तके आहेत. पण आयटीआयमधून येणारा मुलगा पाठ्यपुस्तकात धारित्र आणि रोधक वाचून आलेला असतो, दुकानात कंडेन्सर आणि रेझिस्टन्स ऐकतो, आणि ही त्याच भागांची दुसरी नावे आहेत हे त्याला कुणी सांगत नाही. मी दुकानाची भाषा घेतली आहे. ही वाट आमच्या भागात नवी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातल्या माळरानावर कारखाना उभा केला आणि तिथूनच १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढले. कारखान्याची गोष्ट मराठीत सांगता येते, आणि कामगार व शेतकरी ती वाचतात, हे त्या मासिकाने दाखवले. किर्लोस्करवाडी आज सांगली जिल्ह्यात आहे. पूर्वी यातला बराच मुलूख साताऱ्याचा. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६०मध्ये त्याचे नाव सांगली पडले. गिऱ्हाइके अजूनही ती सीमा मानत नाहीत. कोरेगावचा बेंजो मिरजेत येतो, तासगावची गिटार कराडला जाते.

शेवटचे प्रकरण पुरात भिजलेल्या ॲम्पचे आहे. ऑगस्ट २०१९मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेने ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि पाणी ५७ फुटांच्या वर गेले. २०२१च्या जुलैत पुन्हा पूर आला. पाणी ओसरल्यावर लोकांनी सामान उन्हात टाकले, वरून कोरडे झालेले पाहून कित्येकांनी प्लग लावला, आणि पाण्याने न मेलेले ॲम्प तेव्हा मेले. ट्रान्सफॉर्मरच्या वेढ्यांत शिरलेले पाणी दोन दिवसांच्या उन्हाने निघत नाही, आणि प्लेटवरचा बारीक गाळ ओल धरून ठेवतो. भिजलेला ॲम्प आला की तो आधी चक्क स्वच्छ पाण्याने धुवायचा. लोकांना हे सांगितले की ते दचकतात. नळाखाली मऊ ब्रशने गाळ काढायचा, मग स्पिरिटने पाणी हटवायचे, सावलीत वाऱ्यावर ठेवायचे. ट्रान्सफॉर्मर वेगळा करून तीन-चार आठवडे कोमट जागी, आणि मेगरने इन्सुलेशन समाधानकारक दिसल्याशिवाय वीज नाही. कागदी कोनाचे स्पीकर बहुधा वाचत नाहीत. कंट्रोल आणि स्विच बदलावेच लागतात.

पुरानंतर आलेल्या ॲम्पांत एका बेंजो पार्टीचा होता. ट्रॉलीसकट पाच दिवस पाण्यात. घेऊन आलेला पोरगा विशीतला, आत गाळ किती ते बघायलाही तयार नव्हता. वहीत त्याचे वाक्य आहे : "पाण्यात हुता. बघा, नाय झालं तर ठेवून घ्या." नवरात्र तोंडावर आले तेव्हा ट्रान्सफॉर्मरचे मेगर बरे दिसले. सिरीज बल्ब लावला. तो लख्ख पेटला, मग हळूहळू उतरत गेला आणि आतली तार नुसती तांबूस राहिली. आउटपुटला मोजले, अठरा मिलिव्होल्ट. दुसऱ्या पेटीतला एक जुना स्पीकर जोडला आणि कान जवळ नेला. त्या दिवशी वहीत त्याच्या वाक्यासमोर लिहिले आहे : बारीक सूंऽ येतोय, हमिंग नाही, ट्रेबल फिरवल्यावर थोडी खरखर, कंट्रोल बदलायचा.